लेव्हल देईपर्यंत

पूल टेबल घरात येणार म्हटल्यावर राहीबाईंनी एकच प्रश्न विचारला, मग आपण जेवायला बसायचं कुठे? प्रश्न रास्त होता. बोईसरजवळच्या कुंभवलीच्या टोकाला, जिथे पूर्वी भाताची खाचरं होती आणि आता राख-मुरमाचा भराव टाकून रो-हाउसच्या रांगा उठल्यात, तिथलं त्यांचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि पुढच्या पोर्चला शटर लावून केलेली एक जास्तीची खोली. जेवणाचं टेबल त्या जास्तीच्या खोलीत होतं. "आत खाली बसू, पूर्वी बसायचो तसे," अप्पा म्हणाले. "पण टेबल येणार." चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं घरासाठी स्वतःहून एक चमचा आणला नव्हता, आणि आणायचं ठरवलं ते हे धूड. राहीबाईंनी कपाळावर हात मारला आणि जेवणाचं टेबल वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायला लावलं.

अप्पा म्हणजे भगवंत खताळ. मूळचे संगमनेरकडचे, पण विशीत बोईसरला आले ते इथलेच झाले. एमआयडीसीत अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. नवीन मशीन आलं की ते पायावर बसवायचं आणि त्याला लेव्हल द्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण यात भलेभले रडकुंडीला येतात. मशीन केसभर कललेलं राहिलं तरी ते वर्षभरात बेअरिंगं खातं, आणि मग दोष कुणाचा यावर मीटिंगा होतात. अप्पांनी बसवलेल्या मशीनवर अशी मीटिंग कधी झाली नाही. त्यांच्या कारखान्यात रीतच पडली होती, की अप्पा "लेव्हल दिली" म्हणेपर्यंत नव्या मशीनवर नारळ फुटायचा नाही. एकदा मोठे साहेब मुंबईहून हार घालायला आले, फोटोवाला उभा, पेढ्यांचा पुडा उघडलेला, आणि अप्पा जमिनीवर पालथे पडून म्हणाले, "नाही दिली अजून." साहेब दोन दिवस गेस्ट हाउसवर मुक्कामाला राहिले. खोटी लेव्हल द्यायची नाही, एवढा एकच ताठा या माणसाकडे होता. बाकी सगळ्या बाबतीत ते गरीब होते.

टेबल हवं होतं ते दिग्विजयसाठी. दिग्विजय त्यांचा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा, एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूमला. हुशार, बोलका, शिफ्ट संपली की बोईसरला कुंदनच्या पूल पार्लरमध्ये तासभर खेळून घरी येणारा. आजूबाजूच्या चार कंपन्यांत त्याच्या तोडीचा खेळणारा नव्हता. आणि जूनमध्ये त्याच्या हातून चूक झाली. पॅनलवरचा एक आकडा वाढत गेला तो त्यानं बघितलाच नाही, आणि अख्खी बॅच वाया गेली. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. दिग्विजय म्हणत राहिला की आकडा तिथे दिसतच नव्हता, पॅनल बंद पडलं होतं. पॅनल तपासलं तर ते धडधाकट निघालं. चौकशी संपेपर्यंत घरी बसा, असं त्याला सांगण्यात आलं.

त्या दिवशी अप्पा जे बोलले त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. मुलगा मान खाली घालून बसलेला असताना ते म्हणाले, "मशीनला नावं ठेवू नकोस. मशीन धड असतं. चूक तुझ्यात आहे." जन्मभर मशीनची बाजू घेतलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. दिग्विजय उठून वरच्या खोलीत गेला आणि त्यानंतर तीन महिने तो बापाशी एक शब्द बोलला नाही. जेवायला खाली यायचा, जेवून वर जायचा. दाढी वाढली. डोकं दुखतं म्हणून भर दिवसा पडदे ओढून पडून राहायला लागला. त्याची बायको वैभवी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती, तिला हे लक्षण ठीक वाटत नव्हतं. "एकदा डॉक्टरांना दाखवू या," असं ती पाच-सहा वेळा म्हणाली. दर वेळी दिग्विजय उसळून विचारायचा, "मला काय झालंय? तू पण म्हण, चूक माझ्यात आहे." वैभवी विषय सोडून कामाला लागायची, आणि ते "तू पण" कुणाला उद्देशून आहे हे अप्पांना कळायचं.

कुंदनचं पार्लर बंद होतंय, जागा रिकामी करायचीय आणि टेबलाला गिऱ्हाईक नाही, ही बातमी अप्पांना कळली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं. पोरगा खेळायला लागला की माणसांत येईल. एकदा माणसांत आला की बाकीचं होईल. आपण आपल्या तोंडानं जे मोडलं ते आपल्या हातानं जोडावं, बोलून जोडायची कला आपल्याकडे नाही, असंही त्यांना वाटत होतं. कुंदन म्हणाला, "अप्पा, घेऊन जा, निदान कुणी खेळेल तरी."

टेबल आणायला सुका आला. सुका कुंभवलीच्याच पाड्यावरचा, मशीन उचलणाऱ्या गँगचा मुकादम. वीस वर्षं सुकानं मशीन उतरवायचं आणि अप्पांनी ते बसवायचं, अशी दोघांची जोडी होती. टेबलाच्या वरच्या दगडी पाटीचे तीन तुकडे, सहा पाय आणि लाकडी चौकट हे सगळं त्याच्या माणसांनी अलगद आत आणून ठेवलं. सुकानं खोलीभर नजर फिरवली आणि पायानं फरशी ठोकून बघितली. "भाऊ, टेबल बसल. पन ही जमीन बसू देल का तुमाला?"

सुकाला ठाऊक होतं ते अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. भरावावरची जमीन वर्षावर्षाला खाली बसत होती. कुणाच्या कपाटाची दारं आपोआप उघडायची, कुणाच्या ओट्यावरून लिंबू सोडलं की ते थेट मागच्या दारापर्यंत जायचं. लोक हसून सोडून द्यायचे. इथे काही वाकडं झालं की पहिला संशय जमिनीवर जायचा, आणि तो बहुतेक वेळा खराही असायचा.

अप्पा म्हणाले होते चार दिवसांत बसवतो, लागले पंचवीस. संध्याकाळी टेबल सरळ करावं आणि सकाळी एक पाय उतरलेला असावा. शेवटी त्यांनी सहाही पायांखालच्या फरश्या फोडल्या, घट्ट मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, त्यात काँक्रीट भरलं आणि वर पोलादी प्लेटा बसवल्या. फोडाफोडीच्या आवाजानं दिग्विजय वैतागून खाली आला. दाराशी उभा राहून बघू लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं न सांगता सिमेंटची पाटी उचलली. चौथ्या की पाचव्या दिवशी अप्पा टेबलाखाली उताणे पडून बोल्ट आवळत होते तेव्हा वरून आवाज आला, "अप्पा, कापड पूर्ण काढा. पाट्यांच्या सांध्यात हाताला उंचवटा लागतोय." तीन महिन्यांतलं हे त्याचं बापाशी पहिलं वाक्य. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण टेबलाखाली असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

मग दोघांनी मिळून कापड काढलं. पाट्यांच्या खाली पत्त्यांच्या कॅटमधली पानं सरकवून तिन्ही तुकडे एका पातळीत आणले, सांध्यांत मेण वितळवून भरलं, ते खरवडून सपाट केलं आणि कापड पुन्हा ताणून बसवलं. राहीबाई दोघांना चहा आणून द्यायच्या आणि कुठल्याशा निमित्तानं तिथेच रेंगाळायच्या. जेवायला खाली बसून त्यांचे गुडघे धरत होते, पण त्याबद्दल त्या आता चकार शब्द काढत नव्हत्या.

दसऱ्याच्या सकाळी काम पुरं झालं. कारखान्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, तशी राहीबाईंनी घरी मांडली होती. पाने, हातोडी, लेव्हल बघायची अप्पांची पाणसळ, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. नारळही तयार होता. अप्पांनी पाणसळ पुसून टेबलावर ठेवली. लांबीत बघितली, रुंदीत बघितली, चारही कोपऱ्यांत बघितली. मग प्रत्येक जागी ती उलट फिरवून पुन्हा ठेवली, कारण पाणसळही खोटी असू शकते आणि टोकं फिरवली की तिचं खोटं उघडं पडतं. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध उभा होता, इकडूनही आणि तिकडूनही. असं काम आयुष्यात आठ-दहा वेळाच जमून येतं. "लेव्हल दिली" हे शब्द ओठांवर आले होते, पण अप्पांना वाटलं, मान पोराला द्यावा. ते म्हणाले, "आधी तू खेळून बघ."

दिग्विजयनं दाढी केली होती. त्यानं बॉल मांडले, स्टिकला खडू लावला आणि वाकला. पहिले दोन बॉल डाव्या बाजूच्या पॉकेटमध्ये असे गेले की वैभवीनं टाळी वाजवली. तिसरा उजवीकडचा होता, तो हातभर चुकला. चौथा उजवीकडचा, तोही चुकला. पाचव्याला त्यानं जीव ओतून नेम धरला, आणि स्टिक तर बॉलला नीट लागलीच नाही. दिग्विजय सरळ उभा राहिला. "उजवीकडे ओढतंय, अप्पा. अजून वाकडं आहे."

अप्पांनी पाणसळीकडे बघितलं. बुडबुडा जागचा हलला नव्हता. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला होता, आणि आता तो चेहरा त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होता. जूनमधलं तेच वाक्य अप्पांच्या जिभेवर पुन्हा येऊन बसलं. मशीन धड आहे. चूक तुझ्यात आहे. एकदा ते बोलून तीन महिने पोराला मुकलो होतो. अप्पांनी वाक्य गिळलं. "असेल कुठेतरी राहिलं," ते म्हणाले. "बघतो मी. नारळ आज नको."

दुपारी घर झोपलं तेव्हा त्यांनी खात्री करून घेतली. लोखंडी अँगलचा एक तुकडा तिरका लावून त्यावरून बॉल सोडला. बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुतात गेला. उलट्या बाजूनं सोडला, तसाच गेला. वीस वेळा सोडला. टेबलात काही नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते पोरात होतं, आणि पॅनलवरचा तो आकडाही बहुधा त्याला खरोखरच दिसला नव्हता. हे कळलं तेव्हा अप्पा हातातला बॉल तसाच धरून स्टुलावर बसले.

संध्याकाळी सुका सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात ठेवून तो सवयीनं टेबलाजवळ गेला, पाणसळ उचलली, लावली, फिरवून लावली. "लेवल हाय की, भाऊ. मंग नारल कवा?"

"हळू बोल," अप्पा म्हणाले. "त्याचे बॉल चुकतायत."

सुकानं पाणसळ खाली ठेवली. "मंग टेबलात नाय, पोरात हाय कायतरी. दाखवा कुटं."

"दाखवीन. जरा सावरू दे त्याला. तू घरात काही बोलू नकोस."

"तुमी खोटी लेवल कवा देली नाय, भाऊ."

"आत्ताही देत नाहीये," अप्पा म्हणाले. "मी लेव्हल देतच नाहीये."

सुका चपला घालून निघून गेला. अप्पांना स्वतःचं उत्तर त्या वेळी बिनतोड वाटलं होतं.

तेव्हापासून एक रोजचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी आठला अप्पा टेबलाखाली शिरायचे आणि एखादा बोल्ट पाव फेरा फिरवून, थोड्या वेळानं तेवढाच परत फिरवून ठेवायचे. दिग्विजय बाजूला स्टुलावर बसून पाने द्यायचा. आणि बोलायचा. समोरासमोर बसून या बापलेकांना कधी दोन वाक्यं धड बोलता आली नव्हती, पण एक जण टेबलाखाली आणि एक जण वर असला की कसं कोण जाणे, जमायचं. दिग्विजयनं सांगितलं की कंपनी परत घेणार नाही अशी त्याला धास्ती वाटते. वैभवी मूल हवं म्हणते आणि त्याला आता त्याचीही भीती वाटते. अप्पांनी खालून सांगितलं की नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एक गिअरबॉक्स फोडला होता आणि संडासात जाऊन रडले होते. हे राहीबाईंनाही माहीत नव्हतं. "खरंच?" दिग्विजयनं विचारलं आणि तो हसला. ते हसणं ऐकायला अप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाखाली शिरले. त्यांच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे दिवस होते आणि ते त्यांनी चोरलेले होते. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. आणि रोज वाटायचं, आजचा एक दिवस जाऊ दे.

काम संपलं की दिग्विजय दोन-तीन बॉल मारून बघायचा, उजवीकडचे चुकायचे, आणि तो म्हणायचा, "नाही आलं अजून." अप्पा म्हणायचे, "जमीन बसतेय रे. बघू उद्या." देवघरातला नारळ आठ दिवस वाट बघून राहीबाईंनी फोडला आणि चटणी केली. "तुमच्या लेव्हलपायी सडला असता," त्या म्हणाल्या.

दिवाळीत सगळे जेवायला बसले असताना दिग्विजय म्हणाला, "आई, भाजी नाही वाढलीस?" राहीबाई चकित झाल्या. भाजी त्याच्या ताटात उजवीकडे, नेहमीच्या जागी होती, वाटीभर. डावीकडची चटणी आणि कोशिंबीर त्यानं चाटून-पुसून संपवली होती. "डोळे फुटले का?" राहीबाई थट्टेनं म्हणाल्या आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली. दिग्विजय ओशाळला. वैभवी हसली नाही. तिनं अप्पांकडे बघितलं आणि अप्पांनी स्वतःच्या ताटात बघितलं.

जेवणानंतर ती त्यांना मागच्या दाराशी गाठून उभी राहिली. "अप्पा, टेबलाचं खरं काय ते सांगा. खरंच वाकडं आहे ना? कारण ते सरळ असेल तर मग मला यांना उचलून न्यावं लागेल."

इतका सरळ प्रश्न होता. हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. अप्पांना वाटलं, ऐन दिवाळीत नको. वाटलं, दिग्विजय पुन्हा वरच्या खोलीत जाऊन पडदे ओढून घेईल आणि या खेपेला उतरणार नाही. "भरावाची जमीन आहे, पोरी," ते म्हणाले. "दिवाळी होऊ दे." वैभवीनं सुटकेचा श्वास सोडला. लेव्हलच्या बाबतीत तिचे सासरे बोलले म्हणजे संपलं, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकत आली होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिग्विजय स्कूटर घेऊन तारापूर रोडला काहीतरी आणायला गेला. तासाभरानं परत आला तो स्कूटर ढकलत. उजवीकडचा आरसा तुटलेला, हँडल वाकलेलं, कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं. "टेम्पो आला कुठून तेच कळलं नाही," तो म्हणत होता. "रस्ता मोकळा होता, अप्पा. मी बघितलं होतं. मोकळा होता." राहीबाई हळद आणायला आत धावल्या. अप्पा दारातच उभे होते. चार बोटं इकडेतिकडे झालं असतं तर आज स्कूटर ढकलायलाही कोणी आलं नसतं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"दिग्या," ते म्हणाले. "टेबल सरळ आहे."

दिग्विजयनं वर बघितलं. "काय म्हणालात?"

"लेव्हल दिली." अप्पांनी स्कूटरचं हँडल त्याच्या हातून घेतलं. "टेबलात काही नाही."

"कधी झालं?"

"आज," अप्पा म्हणाले. खरं सांगायला घेतलं तेव्हाही तोंडातून एक खोटं निघालंच.

त्यांना वाटलं होतं तो ओरडेल, हातातलं काहीतरी फेकेल, वर निघून जाईल. दिग्विजय शांतपणे पायरीवर बसला. मग म्हणाला, "वैभवीला फोन लावा. डॉक्टरकडे जाऊ." एवढ्या दिवसांत ज्यासाठी वैभवी विनवून थकली होती ते त्यानं इतक्या सहज म्हटलं की अप्पांना ते कळायलाच वेळ लागला.

पालघरला तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. डोक्यात मागच्या बाजूला, डावीकडे गाठ होती. तिच्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नव्हतं. डोळे चांगले होते, पण उजवीकडचं जग मेंदूपर्यंत पोचत नव्हतं, आणि अशा माणसाला पुष्कळदा कळतही नाही की आपल्याला काही कमी दिसतंय. ऑपरेशन आठवड्याभरात, मुंबईला.

"दिसायला लागेल ना परत?" वैभवीनं विचारलं.

"गेलेली नजर परत येईलच असं नाही सांगता येत. राहिलेली वाचवायची." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "हे पहिल्यांदा लक्षात कधी आलं? उजवीकडचं चुकतंय, असं?"

वैभवी म्हणाली, "दिवाळीत. ताटातली भाजी दिसली नाही तेव्हा." डॉक्टर लिहायला लागले.

"दसऱ्याला," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. वैभवीनं मान वळवली. अप्पांना आता थांबता येत नव्हतं. "दसऱ्याला सकाळी. टेबल तेव्हाच सरळ झालं होतं. मी दुपारी वीस वेळा बॉल सोडून बघितला. मला तेव्हाच कळलं होतं." मग त्यांनी विचारलं, "तेवढ्या दिवसांनी फरक पडला असता का, डॉक्टर?"

"यात प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो, काका," डॉक्टर म्हणाले आणि दसऱ्याची तारीख लिहू लागले.

वैभवी कागद घेऊन काउंटरवर गेली. जाताना ती अप्पांच्या समोरून गेली, पण त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही. बाहेरच्या बाकावर बापलेक शेजारी बसले. समोरून नर्स, नातेवाईक, चाकाच्या खुर्च्या जात-येत होत्या.

"मला वाटत होतं काहीतरी झालंय," दिग्विजय म्हणाला. "दसऱ्याच्या आधीपासूनच. पॅनलचं झालं तेव्हापासून. पण मला कळत नव्हतं, मी वाकडा आहे की बाकीचं सगळं. जून महिन्यात तुम्ही म्हणालात चूक माझ्यात आहे, तर मला ते पटलं नव्हतं, कारण तुम्ही ते पॅनल बघितलं नव्हतं. हे टेबल तुम्ही स्वतः बसवत होता. मी ठरवलं होतं, अप्पा. ज्या दिवशी तुम्ही लेव्हल दिली म्हणाल, त्या दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुणाचं नाही, पण तुमचं ऐकायचं. तुम्ही कधी खोटं देत नाही. मी रोज सकाळी स्टुलावर बसून त्याचीच वाट बघत होतो."

"तू बोलायला लागला होतास," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, सांगितलं तर पुन्हा..." त्यांनी डोळे पुसले. बावीस दिवस होते. बावीस सकाळी पोरगा हातात पाना घेऊन बसला होता, आणि ते खाली पडल्या पडल्या त्याला गिअरबॉक्सच्या गोष्टी सांगत होते. इतका पश्चात्ताप त्यांनी कधी कशाचा केला नव्हता, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"रडू नका," दिग्विजय म्हणाला. त्यानं बापाचा हात धरायला उजवा हात बाजूला नेला. तो हात अप्पांच्या गुडघ्याच्या अलीकडे, रिकाम्या बाकावर पडला आणि तिथेच चाचपडत राहिला. अप्पांनी तो आपल्या हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि हलकेच त्याच्या मांडीवर ठेवला. मग ते उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.